खाडीपलीकडे सोडलेले उंदीर

कल्याणात काळुराम आगऱ्याला लोक 'उंदरांचा काळू' म्हणत. तो आळीच्या तोंडाशी दिसला की पोरं ओरडायची, "उंदरांचा काळू आला रे!" आणि घरातल्या बायका पोरांना दटावून त्याला लगबगीनं आत बोलवायच्या. काम झालं की पुन्हा वर्षभर त्याची आठवण कुणाला यायची नाही. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण ज्याने काढली त्याच्या घरातही उंदीर असले पाहिजेत.

त्या काळी कल्याणच्या बंदरावर भाताच्या वखारी होत्या आणि जिथे भात तिथे उंदीर, हे सांगायला शास्त्रीबुवा लागत नाही. काळुराम जन्माने मिठागरातला. बाप मीठ ओढता ओढता म्हातारा झाला, मिठाने पायाला पडलेली भगदाडं घेऊन मेला. पोराला मात्र मिठापेक्षा बांधाचं वेड. खारभूमीच्या बांधाला उंदीर-खेकडे बिळं पाडतात आणि एखादं बीळ नजरेतून सुटलं की उधाणाचं पाणी तिथूनच बांध फोडतं. ती बिळं हुडकायची आणि बुजवायची, हे काळुरामचं लहानपणीचं काम. बिळाच्या तोंडची माती पाहून तो सांगायचा की आत कुणी आहे की घर रिकामं आहे. पुढे एका वखारवाल्याने त्याला बोलावून नेलं आणि बांधावरची विद्या माणसांच्या घरात शिरली.

त्याची कामाची रीत ठरलेली होती. घरात आला की आधी सापळा लावायचा नाही. ओसरीवर बसून पाणी प्यायचं, मग कोठीची खोली, आढं, गोठा, मोरी सगळं फिरून पाहायचं. भिंतीच्या कडेला तेलकट काळा पट्टा दिसला की ती उंदराची वाट. लेंडी ओली की सुकी, एवढ्यावरून तो बिऱ्हाड नवं की जुनं ते ओळखायचा. सोवळ्यातल्या खोल्यांत त्याला जाता यायचं नाही, तेव्हा तो बाहेरून विचारायचा आणि आतून बाई सांगायची. मग तो उपदेश सुरू करी. मोरीच्या तोंडाला जाळी बसवा. भिंतीतल्या भोकांत फुटकी काच आणि चुना ठेचून भरा. कणगी दगडी पायांवर उचलून ठेवा, तांदळात निंबाचा पाला घाला, वाशांना वाळवी लागण्याआधी करंजेल चोळा. "आदी दार लावा, मंग पाव्हना हाकला," असं तो सांगायचा. लोक माना डोलवायचे, "बरोबर आहे हो काळुराम," म्हणायचे आणि त्यातलं काहीएक करायचे नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा तोच काळुराम, तीच मोरी.

आणि उंदीर मारायचा नाही, ही सगळ्यांची अट. ब्राह्मणाघरी तो गणपतीचं वाहन, वाण्याघरी जीवहत्येचं पाप. घरात गणपती बसले असताना तर सापळ्याचं नावदेखील काढायचं नाही, मग देवापुढच्या मोदकाला दात लागले तरी चालतील. सरकारी कचेरीत कारकून असलेल्या प्रभाकरपंतांच्या घरी तर त्यांची बायको लक्ष्मीकाकू सापळ्यावर चार अक्षता टाकून हात जोडायची आणि म्हणायची, "बाबा रे, आमचं घर सोड. रानात जा, सुखानं राहा." काळुरामही गंभीर तोंडाने मान डोलवायचा. मग जाड गोणपाटात उंदीर धरून तो छोट्या कातरीने त्याच्या कानाला चीर द्यायचा. हे त्याचं स्वतःचं डोकं. मागे एका वखारवाल्याने "तोच उंदीर परत आला" म्हणून भांडण उकरून काढलं होतं, तेव्हापासून कान चिरल्याशिवाय त्याने उंदीर सोडला नाही. चिरल्या कानाचा परत दिसला तर पुढची खेप फुकट, असा त्याचा बोल होता. तो बोल कधी खोटा पडला नाही, कारण उंदीर मडक्यात घालून, वर फडकं बांधून, होडीने तो थेट खाडीपलीकडे नेऊन सोडायचा.

रानात सुखाने राहतील, असं सगळे म्हणत. काळुरामला खरं ठाऊक होतं. घरचा उंदीर रानात राहत नाही. त्याला माणसाचा शेजार लागतो, छप्पर लागतं, शिळंपाकं लागतं. रानात सोडला तर जवळचं घर गाठेपर्यंत तो थांबत नाही. पण हे लक्ष्मीकाकूंना सांगून काय उपयोग? त्यांना पुण्य हवं होतं, काळुरामला काम हवं होतं आणि पलीकडच्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं. जगात पुष्कळ कामं अशीच चालतात. आपल्या दारची घाण दुसऱ्याच्या दारी गेली की घर स्वच्छ झालं, असंच आपण म्हणतो.

काळुरामला एकच मूल जगलं. आवडी. बायको रखमाला चार वेळा दिवस गेले, त्यात ही एवढी हाताला लागली. लहानपणी ती बापाच्या मडक्यांपाशी बसून राही, फडक्याला कान लावून आतली खसखस ऐके आणि उंदरांना दाणे घाले. बापाने तिला शिकवलं होतं, जीव आहे, हिडीसफिडीस करू नये. वयात आली तशी खाडीपलीकडच्या पिंपळखार गावात दिली. जावई जोमा सरळ माणूस, मिठागरात राबणारा, बोलण्याला गरीब. स्थळ चांगलं होतं. पण मध्ये खाडी होती आणि खाडीहून रुंद रीत होती. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही आणि काही निमित्त असल्याशिवाय तिच्या दारात उभं राहायचं नाही. पोर दिसावी म्हणून काळुराम सणाची वाट पाहत बसायचा.

तोड रखमाने काढली. आधी काळुराम उंदीर सोडायला भरतीबरोबर जाईल तिकडे जायचा, कधी या बांधावर, कधी त्या बेटावर. एक दिवस त्याची भाकर बांधता बांधता ती म्हणाली, "अवो, येवढी खाडी वलांडताच, तर पिंपळखारच्या बांधावर सोडा ना. पोर पान्याला येते तिथं. डोल्याला दिसंल तरी."

काळुरामला हे आधी का सुचलं नाही याचंच नवल वाटलं. कामाला गेलेला माणूस बांधावर भेटला तर त्याला कुणी नाव ठेवत नाही. त्या दिवसापासून कल्याणचे सगळे उंदीर पिंपळखारच्या बांधावर उतरू लागले. रखमा प्रत्येक खेपेला गाठोडं द्यायची, कधी सुक्या करंदीची मासळी, कधी तांदळाचे चार लाडू. आवडी हंडा कडेवर घेऊन बांधावर यायची, तिवरांच्या सावलीत बापाशेजारी टेकायची. "बाबा, आज बामनाचे उंदीर आनले का वान्याचे?" असं विचारायची. बामणाचे खोबऱ्याला सोकावलेले, वाण्याचे तुपाने माजलेले, असं काळुराम गमतीनं सांगायचा आणि ती हसायची. मग तीच फडकं सोडायची, मडकं आडवं करायची. उंदीर गवतात पळाले की म्हणायची, "जा रे बाबांनो, सुखी ऱ्हावा." बापाची ती कमाईची जागा नव्हती, सुखाची होती.

एकदा जोमाने आग्रह केला म्हणून काळुरामने त्यांचं घरही बांधून दिलं, म्हणजे उंदरापासून. भोकं काच-चुन्याने बुजवली, कणगीखाली दगड घातले, मोरीला जाळी लावली. दिवसभर राबला आणि पाण्याचा थेंब न घेता परत फिरला. विहीण दारातून म्हणाली, "गावात आमचंच एक घर बिनउंदराचं, व्याह्यांची किरपा." काळुराम संकोचला. गावातल्या बाकीच्या घरांत अलीकडे उंदीर का वाढले, हे त्याने विहिणीला सांगितलं नाही. गोठा मात्र राहून गेला. गोठ्याच्या कुडाला काय बुजवायचं, असं त्याला वाटलं.

आणि मग तो हिवाळा आला. आधी मुंबईहून बातम्या आल्या, मागोमाग माणसं आली आणि माणसांमागून रोग. ग्रंथिज्वर म्हणा, प्लेग म्हणा, काखेत जांघेत गाठ आली की माणूस तीन-चार दिवसांत सरायचा. कल्याणात आधी बंदराकडच्या वखारींत हमाल पडले, मग आळ्यांत घरंच्या घरं. लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहू लागले. स्टेशनावर गोरा डॉक्टर उतारूंच्या काखा चाचपून पाहायचा. खाडीवर मात्र कुणी चाचपायला नव्हतं. तिथून काळुरामची होडी जायची तशी जात राहिली.

त्याच्या कामाला तर ऊत आला. उंदीर भरदिवसा बाहेर येत होते, घराच्या मधोमध झिंगल्यासारखे फिरत होते. कित्येक ओसरीवर येऊन मरून पडत. लोक घाबरून त्याला बोलावत. काळुरामने पाहिलं होतं, ज्या घरात उंदीर पडतात त्या घरात मागाहून माणूस पडतो. हे बाकीच्यांनीही पाहिलं होतं. पण त्याचा अर्थ सगळ्यांनी एकच लावला, की रोग जमिनीतून उठतो आणि जमिनीशी उंदीर जवळ, म्हणून त्याला आधी लागतो. मेलेले उंदीर काळुराम चिमट्याने उचलून जाळून टाकायचा. जिवंत होते ते मडक्यात. मेला तो रोगी, जिवंत तो निरोगी, असा त्याचा साधा हिशेब होता. उलट त्याला बरं वाटायचं, की या मेल्या गावातून निदान या जीवांना तरी आपण पलीकडच्या चांगल्या हवेत नेऊन सोडतो. एरवी चपळाईने हुलकावणी देणारे उंदीर आता हाताने धरता येत होते. त्याने ते आपल्या हातगुणाचं यश मानलं. एवढा जाणता माणूस, पण स्वतःची पाठ थोपटताना त्याचेही डोळे मिटले.

त्यातच आवडीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. रखमाने बाजेला नवी सुंभं ओवून ठेवली होती, डिंक आणून ठेवला होता. "पोरीला आना आता," तिने धोशा लावला.

"हितं?" काळुराम म्हणाला. "हितं मानसं किडामुंगीवानी मरतान आनि पोटुशी पोर हितं आनू? हितल्या जमिनीत इख हाय गो. तिकडं ती चांगली हाय."

"पयलं बालंतपन सासरी? लोक काय म्हनतील?"

"म्हनू दे. जीव ऱ्हायला तर रीत."

रखमा दोन दिवस धुसफुसत राहिली. तिसऱ्या दिवशी तिचं तिलाच पटलं. डोळे पुसून म्हणाली, "बरं. मंग तुमी तरी जात जावा. उंदीर असोत नसोत, दोन धरा आनि जावा. पोरीचं त्वांड बघून मना येऊन सांगा." काळुराम जात राहिला. कधी नव्हे इतक्या खेपा त्या दिवसांत झाल्या. आवडीला जडपण आलं होतं. बांध चढताना ती कमरेवर हात ठेवायची. "बाबा, मना घरी कवा नेनार?" ती विचारायची आणि तो म्हणायचा, "जरा दम धर बाय. तुना सांबालून ठेवलंय मी हितं."

हे शब्द पुढे त्याला जन्मभर पुरले.

एक दिवस तो बांधावर गेला तर आवडी पाण्याला आलेली नव्हती. निरोप आला, की तिला चालवत नाही, बाबांना घराकडे बोलावलंय. काळुराम मडकं बांधावरच ठेवून गावात गेला. आवडी अंगणात बसली होती. तोंडावर थकवा होता, पण बापाला पाहून डोळे हसले. शेजारी एक टोपली पालथी घातलेली होती, वर पाटा ठेवलेला.

"बाबा, तुमच्यासाटी एक धरून ठेवलाय," ती म्हणाली. "सकाली गोठ्यात गवसला. सासूबाय मारत व्हत्या, मी म्हनलं मारू नका, बाबा येतील त्ये नेतील. शेपटीला धरून टोपलीखाली घातला. पलालाबी नाय बिचारा."

काळुरामने पाटा काढला, टोपली तिरकी केली. उंदीर पळाला नाही. अंगावरचे केस उभे, मागचे पाय ओढत तो जागच्या जागी गोल फिरला आणि कुशीवर पडला. असले उंदीर काळुरामने दोन महिन्यांत ढिगाने पाहिले होते. पण त्याची नजर उंदराच्या कानावर खिळली. कानाला चीर होती.

"तुमचाच हाय बाबा," आवडी कौतुकाने म्हणाली. "मी वलखला. कान बघून."

कल्याणची जमीन कल्याणात होती. पिंपळखारात रोग नव्हता, कुणी माणूस मुंबईहून आला नव्हता, कुणी पडला नव्हता. इथे आलं होतं ते एकच. त्याने मडक्यातून आणलेलं.

"आनखी गवसले?" त्याने कसंबसं विचारलं.

"दोन मेलेले व्हते. सासूबायनी उकिरड्यावर टाकले. बाबा, काय झालं? असं काय बघताव?"

मग काळुराम वेड्यासारखा वागू लागला. त्याने टोपलीसकट उंदीर जाळला. आवडीला चुलीवरच्या कढत पाण्याने हात धुवायला लावलं, पुन्हा धुवायला लावलं. बांधावर धावत जाऊन भरलं मडकं तसंच खाडीत बुडवलं आणि दाबून धरलं. जन्मात त्याने उंदीर मारला नव्हता. परत येऊन जोमाच्या पायाशी बसला आणि म्हणाला, घर सोडा, आत्ताच्या आत्ता माळावर चला. विहीण म्हणाली, "सातव्यातली पोर झोपडीत? आनि कशापायी, एक उंदीर मेला म्हनून?" पण जोमाने सासऱ्याचं तोंड पाहिलं आणि वाद घातला नाही. संध्याकाळपर्यंत माळावर पेंढ्याची झोपडी उभी राहिली. काळुरामने रीतभात गुंडाळून ठेवली आणि तिथेच राहिला. त्याच्या सांगण्यावरून आणखी चार घरं माळावर आली. ती चार घरं वाचली, हे मात्र इथे सांगितलं पाहिजे.

आवडीला तिथेच ताप भरला. काखेत गाठ आली. रखमाला निरोप गेला, ती आली. मग दोघं दोन बाजूंना बसून राहिली. आवडी तापात मधूनच म्हणायची, "बाबा, घरी नेनार ना?" आणि काळुराम म्हणायचा, "नेतो बाय, भरती येऊ दे." भरती आली, ओहोटी आली, पुन्हा भरती आली. पोटातलं बाळ आधी गेलं, मग ती.

मुलगी गेल्यावर बापाने काय करायचं असतं? काळुरामला काही कळेना. जोमा येऊन त्याच्या खांद्याशी बसला. स्वतः रडून रडून सुजलेला तो माणूस सासऱ्याचं सांत्वन करू लागला. "मामा, तुमी तिला कल्यानात नेली नाय, बरं केलंत. तिकडं पयलीच गेली असती. तुमच्यामुलं येवढे दीस तरी आमाला लाभली."

काळुरामने त्याच्याकडे पाहिलं आणि सांगून टाकलं. "त्ये उंदीर मी आनले, जोमा. रोग उंदरासंगं आला. मीच आनला. कान मी चिरलेला व्हता."

जोमाने त्याला जवळ घेतलं. "नका बोलू असं मामा. दुक्कात मानूस कायबी बोलतो."

पिंपळखारात मागाहून बरीच माणसं गेली. जोमाची आई गेली. काळुराम प्रत्येक दारी जाऊन तेच सांगायचा. गावच्या चावडीवर उभा राहून म्हणाला, मना बांधा, मना मारा, मी केलं ह्ये. गावकरी हळहळले. पोरीच्या मागे माणसाचं डोकं फिरलं म्हणाले. एक म्हातारा समजुतीने बोलला, "अरे काळुराम, कान चिरला म्हनून रोग होतो व्हय? उंदरानं रोग झाला असता तर पयला तूच मेला असतास. दोन महिने तू त्यांच्यात हात घालून बसला व्हतास. देवीचा कोप झाला गावावर, त्यात तुजा काय दोष?" कल्याणात त्याने प्रभाकरपंतांना सांगितलं. ते शिकले-सवरलेले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "काळुराम, हा विकार दूषित हवेचा आहे असं डॉक्टरांचं मत आहे," ते म्हणाले. "तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका." लक्ष्मीकाकूंनी पदराने डोळे टिपले आणि त्याच्या ओंजळीत प्रसाद घातला. तो टिटवाळ्याच्या गणपतीला गेला. पण ज्याच्या वाहनाने हे केलं त्याच्यापुढे काय बोलायचं हे न उमजून देवळाबाहेरूनच परतला.

गुन्हेगाराला लोक शिक्षा देतात, निदान शिवी तरी देतात. काळुरामला कुणी तेवढंही दिलं नाही. जो तो त्याची कीव करायचा. खरं सांगतो, माणसाला दुःख सोसवतं. पण आपलं पाप कुणी पाप मानायलाच तयार नसलं की ते एकट्याच्या छातीवर बसतं आणि उठायचं नाव घेत नाही. त्याने सापळे जाळले. पुन्हा मिठागरात मजुरीला गेला, बापासारखं मीठ ओढू लागला. जोमा सणावारी आठवणीने यायचा, मामांच्या पाया पडायचा. तो पाया पडला की काळुराम पाय ओढून घ्यायचा.

घरात तर रोजच. जेवताना, बाजेवर पडल्या पडल्या काळुराम पुटपुटायचा, "मी मारली गो तिला." आणि रखमा न चुकता म्हणायची, "नाय वो. तुमचा काय दोस नाय. उंदरानं कुटं मानूस मरतो?" किती वेळा तो म्हणाला आणि किती वेळा ती, याला गणतीच नाही. मनातल्या मनात त्याला तिचा रागदेखील यायचा. निदान हिने तरी आपल्याला धरून मारावं, असं वाटायचं.

आठ-दहा वर्षं अशी गेली. प्लेग दर हिवाळ्याला येत राहिला. एका सकाळी त्यांच्या आळीतून दवंडी आली. डफावर थाप मारून दवंडीवाला ओरडत होता, "ऐका हो ऐका! मेलेला उंदीर घरात दिसला तर हात लावू नका हो! चावडीवर कळवा, घर मोकळं करा! पिलेगाचा रोग उंदरापासून मानसाला होतो, सरकारी हुकूम हाय, ऐका हो!"

काळुराम अंगणात मिठाची पाटी धुवत होता. त्याचे हात थांबले. दारात रखमा कोलंबी सोलत बसली होती. दवंडीवाला पुढच्या आळीत वळला, डफाचा आवाज दूर गेला. शेजारणी आपापल्या दारात येऊन काळुरामकडे पाहू लागल्या. इतकी वर्षं जे तो ओरडून सांगत होता ते आज कुणीतरी डफ वाजवून सांगितलं होतं. आता कुणी त्याला वेडा म्हणणार नव्हतं. जे मागत तो दारोदार फिरला ते त्याला आपल्या दारात मिळालं होतं.

रखमाने मान वर केली. "अवो," ती हळू म्हणाली, "म्हंजे तुमी म्हनत व्हताव त्ये खरं व्हतं?"

तो 'हो' म्हणणार होता. ओठांपर्यंत आलं होतं. पण त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. तिचे डोळे त्याच्यावर नव्हते. ते खाडीकडे लागले होते आणि तिचे ओठ काहीतरी आठवत हलत होते. ती काय आठवते आहे ते काळुरामला कळलं. इतकी वर्षं आपल्या पापाचा पाढा वाचताना त्याने फक्त 'मी, मी' केलं होतं. पिंपळखारच्या बांधावर सोडा, पोर डोल्याला दिसंल, हे कोण म्हणालं होतं, दोन धरा आनि जावा, हे कुणी सांगितलं होतं, ते त्याच्या मनातही कधी आलं नव्हतं. रखमाच्या मनात ते आत्ता येत होतं. अजून पुरतं आलं नव्हतं.

काळुराम उठला, तिच्यासमोर येऊन बसला.

"नाय गो," तो म्हणाला. "सरकारचं काय खरं धरतंस? आज ह्ये सांगतील, उद्या त्ये. उंदरानं रोग झाला असता तर पयला मी मेलो असतो. दोन महिने त्यांच्यात हात घालून बसलो व्हतो ना? मना काय झालं?"

"मंग तुमी इतकी वरसं..."

"दुक्कात मानूस कायबी बोलतो. देवीचा कोप व्हता त्यो. कुनाचा दोस नाय त्यात. तुजा नाय, माजा नाय."

रखमाची नजर खाडीवरून त्याच्याकडे वळली. मग तिचा श्वास सुटला.

"त्येच तर मी तवापास्नं सांगत व्हते," ती म्हणाली आणि पुन्हा कोलंबी सोलायला लागली. काळुरामही तिच्याबरोबर सोलू लागला. त्या दिवसानंतर आपला गुन्हा त्याने कुणालाही सांगितला नाही.